सोफियाटाउनचे धर्मवर्ष : १९५४-५५

ॲलन पेटन यांची 'क्राय, द बिलव्हेड कंट्री' (१९४८) ही कादंबरी आपल्याकडील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. खेड्यातला वृद्ध झुलू धर्मगुरू स्टीफन कुमालो बहिणीच्या आणि मुलाच्या शोधात जोहान्सबर्गला येतो व सोफियाटाउन येथील मिशन हाउसमध्ये पोहोचतो. तेथे जेवणाच्या टेबलाभोवती काळे आणि गोरे धर्मगुरू एकत्र बसलेले त्याला दिसतात. पुढे त्याच्या मुलावर खुनाचा खटला उभा राहतो तेव्हा याच मिशनमधले फादर व्हिन्सेंट त्याला आधार देतात. फादर व्हिन्सेंट हे पात्र ट्रेव्हर हडलस्टन या अँग्लिकन धर्मगुरूवरून घेतले असल्याचे मानले जाते. वर्गात मात्र या मिशन हाउसकडे कथानकाची एक सोय म्हणूनच पाहिले जाते. कुमालोला शहरात कोठेतरी उतरणे भागच होते, म्हणून ते आहे, इतकेच.

हे मिशन हाउस आणि त्याला लागून असलेले चर्च प्रत्यक्षात होते. त्यांपैकी चर्च आजही आहे. या लेखात आम्ही त्या चर्चच्या आयुष्यातील एकच वर्ष पाहणार आहोत. ते वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे नाही. अँग्लिकन चर्चचे धर्मवर्ष नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होते. म्हणून आमचे वर्ष २८ नोव्हेंबर १९५४ रोजी सुरू होऊन पुढच्या आगमनकाळाशी, २७ नोव्हेंबर १९५५ रोजी थांबते. हा हट्ट निष्कारण नाही. त्या वर्षी सोफियाटाउनमध्ये दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी चालत होत्या. एक चर्चची, दुसरी सरकारच्या नोटिसांची. या दोन्ही एकाखाली एक ठेवून वाचल्याशिवाय त्या धर्मग्रामावर काय ओढवले ते नीट उमगत नाही.

गाव आणि मंदिर

१८९७ साली हर्मन टोबियान्स्की नावाच्या गृहस्थाने जोहान्सबर्गच्या पश्चिमेस, शहराच्या मध्यापासून सहा-सात किलोमीटरवर जमीन घेतली. वसाहतीला त्याने पत्नी सोफियाचे नाव दिले आणि रस्त्यांना मुलांची. गोऱ्यांनी तेथे प्लॉट घ्यावेत असा त्याचा बेत होता. पण जवळच नगरपालिकेचे मैला टाकण्याचे ठिकाण आले आणि गोरे गिऱ्हाईक फिरकेना. मग त्याने तेच प्लॉट काळ्या, मिश्रवंशीय आणि भारतीय गिऱ्हाइकांना विकले. १९१३ च्या जमीन कायद्याने आफ्रिकी माणसाला देशाच्या बहुतेक भागात जमीन घेण्यास बंदी केली, पण त्याआधी विकले गेलेले सोफियाटाउन त्यातून सुटले. अशा रीतीने, दुर्गंधीच्या कृपेने म्हणा, या शहरात काळ्या माणसाच्या नावावर घराचा कागद असणारी जी मोजकी ठिकाणे उरली, त्यांत सोफियाटाउन एक होते.

विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे पन्नास हजारांहून अधिक आफ्रिकी लोक राहत होते. त्यांत झुलू, झोसा, सोथो, त्स्वाना असे नाना गट होते. शिवाय सुमारे ३,००० 'कलर्ड', म्हणजे मिश्रवंशीय, सुमारे दीड हजार भारतीय आणि काही शे चिनी. दुकाने बरीचशी भारतीय आणि चिनी लोकांची. जोहान्सबर्गच्या भारतीयांशी मराठीचाही एक जुना धागा जुळलेला आहे. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले तेथे गेले असता गांधीजींनी त्यांना मराठीतून बोलण्याचा आग्रह केला आणि स्वतः त्या भाषणाचे हिंदुस्थानी भाषांतर केले. समोरच्या श्रोत्यांत कोकणी मुसलमान होते. सोफियाटाउनच्या मागच्या गल्ल्यांत मात्र या सर्व भाषांची मोडतोड होऊन आफ्रिकान्सच्या सांगाड्यावर 'त्सोत्सीताल' नावाची एक वेगळीच बोली उभी राहिली होती. टोळ्यांतली पोरे ती बोलत आणि लेखकही.

या वस्तीतल्या रे स्ट्रीटवर १९३०च्या दशकाच्या मध्यास 'चर्च ऑफ क्राइस्ट द किंग', अर्थात ख्रिस्तराजाचे चर्च, उभे राहिले. वास्तुकार फ्रँक फ्लेमिंग हे हर्बर्ट बेकर यांचे एके काळचे भागीदार. साधी विटांची इमारत, पण घंटेचा मनोरा उंच. वस्ती टेकडीच्या उतारावर असल्याने तो कोठूनही दिसे. चर्च चालवत असे 'कम्युनिटी ऑफ द रिझरेक्शन' हा अँग्लिकन धर्मबंधूंचा संघ. चार्ल्स गोर यांनी तो १८९२ साली इंग्लंडमध्ये स्थापन केला. यॉर्कशायरमधील मर्फील्ड येथे त्याचा मठ आहे. रेमंड रेन्स या धर्मबंधूने चर्च उभारणीच्या काळात येथे काम केले. १९४३ मध्ये त्यांच्या जागी तिशीतले ट्रेव्हर हडलस्टन आले. त्याही आधी, १९२८ पासून, डोरोथी मॉड या इंग्रज मिशनरी बाईंनी 'एकुतुलेनी', म्हणजे शांततेचे घर, या नावाने वस्तीत ठाण मांडले होते. हडलस्टन यांच्याच वाट्याला सारे श्रेय देण्याची पुढे जी रीत पडली, तिच्यात या बाई सहसा हरवतात.

अँग्लिकन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संयत, काहीसे कोरडे इंग्रजी उपासनाविधी येतात. हे धर्मबंधू मात्र अँग्लो-कॅथलिक परंपरेतले होते. त्यामुळे रविवारची मोठी मिस्सा धूप, मेणबत्त्या, जरीची वस्त्रे आणि सेवक-मुलांच्या लांबलचक मिरवणुकीसह होई. प्रवचन एका भाषेत होई आणि त्याचे भाषांतर दुसऱ्या भाषेत. गुरुवारी दुपारी 'मदर्स युनियन'च्या बायका गणवेशात जमत. गुरुवारच का? कारण गोऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या मोलकरणींना त्याच दुपारी सुट्टी असे. धर्माची दिनदर्शिका अशी मालकिणीच्या सोयीशी बांधलेली होती. त्याच आवारातली सेंट सिप्रियन्स ही प्राथमिक शाळा वस्तीतली सर्वांत मोठी. १९४५ साली हडलस्टन यांनी सुरू केलेली आफ्रिकी मुलांसाठीची अन्नयोजना तर आजही चालू आहे.

येथे 'पॅरिश' या शब्दाशी क्षणभर थांबणे आवश्यक आहे. वसईच्या ख्रिस्ती मराठीत त्याला 'धर्मग्राम' म्हणतात. शब्द सुंदर आहे आणि नेमकाही. पॅरिश म्हणजे इमारत नव्हे आणि सदस्यांची यादीही नव्हे. ठरावीक सीमेच्या आत राहणारा प्रत्येक माणूस, तो कोणत्याही वंशाचा असो, त्या धर्मगुरूच्या जबाबदारीचा असतो. जो येथे राहतो तो येथला. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने आणि समूह-क्षेत्र कायद्याने याच्या नेमके उलटे सूत्र घालून दिले. आधी तुमचा वंश ठरेल, मग तुम्ही कोठे राहायचे ते ठरेल. त्यामुळे सरकारचा आणि या चर्चचा झगडा कोणा धर्मगुरूच्या तापट स्वभावातून निघालेला नव्हता. 'ग्राम' या शब्दाच्या अर्थावरूनच तो होता.

आगमनकाळ आणि नाताळ

१९५४ चा आगमनकाळ सुरू झाला तेव्हा वस्ती हलवण्याचा कायदा संमत झालेला होता. जोहान्सबर्गच्या नगरपालिकेने या कामी फारसा उत्साह दाखवला नाही, म्हणून केंद्र सरकारने त्याच वर्षी स्वतंत्र कायदा करून एक पुनर्वसन मंडळ नेमले. सोफियाटाउनच्या आफ्रिकी रहिवाशांना मेडोलँड्स येथे नेले जाणार होते. तेथे घर मिळेल, पण मालकी मिळणार नाही.

विरोध दीड-दोन वर्षांपासून धुमसत होता. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी वस्तीतल्या फ्रीडम स्क्वेअरवर आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सभा होत. म्हणजे काही कुटुंबांचा रविवार सकाळी मिस्सेने सुरू होई आणि संध्याकाळी सभेने मावळे. जून १९५३ मध्ये ओडिन सिनेमागृहातील सभेत पोलीस बंदुका घेऊन शिरले आणि युसुफ कचालिया यांना व्यासपीठावरून ओढून नेले. तेव्हा हडलस्टन पोलिसांच्या आडवे गेले होते. नेल्सन मंडेला यांनी आपल्या आत्मचरित्रात त्या प्रसंगाची आठवण नोंदवली आहे.

दक्षिण गोलार्धात नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो आणि जोहान्सबर्गमध्ये उन्हाळा हाच पावसाचा हंगाम. मरिया आणि योसेफ नोंदणीसाठी गाव सोडून निघतात आणि त्यांना कोठे जागा मिळत नाही, ही कथा त्या वर्षी या वस्तीत वाचली गेली. शिरगणतीचा हुकूम काढणारा सम्राट तिच्यात पहिल्याच ओळीत येतो. ऐकणाऱ्यांना भाष्याची गरज होती असे आम्हांस वाटत नाही.

९ फेब्रुवारी

पहिल्या दीडशेच्या आसपास कुटुंबांना १२ फेब्रुवारी १९५५, शनिवार, ही तारीख देण्यात आली होती. काँग्रेसने प्रतिकाराची तयारी त्या तारखेच्या हिशेबाने केली. सरकारने शहरात सभाबंदी पुकारली आणि ठरल्या दिवसाच्या तीन दिवस आधी, बुधवारी ९ फेब्रुवारीच्या पहाटे, सुमारे २,००० सशस्त्र पोलीस आणि लष्करी ट्रक वस्तीत आणले. पाऊस कोसळत होता. टोबी स्ट्रीटपासून सुरुवात झाली. सामान ट्रकवर चढवले गेले, रिकाम्या घरांवर लगेच हातोडे पडू लागले आणि त्या दिवशी शंभराहून अधिक कुटुंबे मेडोलँड्सला रवाना झाली. 'आम्ही हलणार नाही' ही घोषणा भिंतींवर तशीच राहिली.

हडलस्टन त्या पहाटे तेथे पोहोचले. पण ते तेव्हा सोफियाटाउनचे धर्मगुरू नव्हते. १९४९ पासून ते संघाचे दक्षिण आफ्रिकेतील प्रमुख होते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, रोझेटनव्हिलच्या मठात राहत होते. हा तपशील बहुतेक कथनांतून गळतो आणि चित्र एका गोऱ्या फादरभोवती फिरू लागते. वास्तविक पाहता धर्मग्राम चालवत होते ते तेथले इतर धर्मबंधू, आफ्रिकी धर्मगुरू, शिक्षक, मदर्स युनियनच्या बायका. हडलस्टन यांच्याकडे जे होते ते निराळे. लंडनच्या वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचणारा आवाज त्यांच्याकडे होता आणि ब्रिटिश पासपोर्टाचे कवचही. त्यांनी दोन्हींचा वापर केला, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. मात्र ज्यांच्याकडे यांतले काहीच नव्हते, त्यांचे धैर्य त्यामुळे झाकले जाऊ नये.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्या दिवशी ट्रकवर चढणारे सगळेच रडत नव्हते. सोफियाटाउनमध्ये घरमालक थोडे आणि भाडेकरू पुष्कळ होते. एकेका अंगणात पत्र्याच्या अनेक खोल्या, एक नळ, आणि भाडे चढे. अशा खोलीतून निघणाऱ्या बाईला स्वतंत्र घर आणि स्वतःचा नळ मिळत असेल, तर तिने हरखून जाण्यात गैर ते काय? प्रतिकार मोडला त्यामागे बंदुका होत्या तशीच ही दरीही होती. वस्तीचे रम्य चित्र पुढे लेखकांनी रंगवले. ते बव्हंशी अशा माणसांचे होते, ज्यांना तेथे गप्पांना, जॅझला आणि पुस्तकांना जागा मिळाली होती. पण याचा अर्थ सरकारचे खरे होते असा नव्हे. गलिच्छ वस्ती सुधारायची तर ती जागच्या जागीही सुधारता आली असती. हलवायचे होते ते दारिद्र्य नव्हे, मालकीचा कागद हलवायचा होता. म्हणूनच ज्या भाडेकरूला नळ मिळाला, त्याच्या नातवाला जमीन मिळाली नाही.

रविवार आला. मिस्सा झाली. तेथपासून दर आठवड्याला गर्दीत थोडी थोडी घट होणार होती.

उपवासकाळ

राखेचा बुधवार त्या वर्षी २३ फेब्रुवारीला आला, म्हणजे पाडापाडी सुरू झाल्यापासून बरोबर दोन आठवड्यांनी. कपाळावर राख लावून 'तू माती आहेस' असे सांगणारा हा विधी ज्या वस्तीत झाला, तेथे घरांचे ढिगारे रस्त्याच्या कडेला पडलेले होते. या उपवासकाळात चर्चपुढे जो प्रश्न उभा राहिला तो घरांचा नव्हता, शाळेचा होता. आमच्या मते या वर्षातला सर्वांत कठीण निर्णय तोच.

१९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने आफ्रिकी मुलांचे शिक्षण मिशनांकडून काढून फेरवूर्ट यांच्या खात्याकडे नेले. १ एप्रिल १९५५ पासून अंमल सुरू होणार होता. मिशनांपुढे पर्याय तीन. शाळा सरकारला भाड्याने द्यावी, अनुदानाविना स्वतःच्या पैशाने चालवावी, किंवा बंद करावी. रोमन कॅथलिक चर्चने निधी उभारून बहुतेक शाळा स्वतःकडे ठेवल्या. अँग्लिकन धर्मप्रांतांपैकी बहुतेकांनी इमारती देण्याचा मार्ग पत्करला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. वाईट शिक्षण हे शिक्षण नसण्यापेक्षा बरे. जोहान्सबर्गचे बिशप अँब्रोज रीव्ह्ज यांनी मात्र नकार दिला. माणसाला गुलामीसाठी तयार करणाऱ्या शिक्षणाला चर्चच्या भिंती उसन्या द्यायच्या नाहीत, या भूमिकेवरून त्यांनी आपल्या प्रांतातील शाळा बंद करण्याचे ठरवले. सेंट सिप्रियन्सची दारे याच निर्णयाने मिटली.

त्या वर्षी १ एप्रिल हा शुक्रवार होता. रविवारी झावळ्यांची मिरवणूक निघाली, पुढच्या शुक्रवारी क्रूसाची उपासना झाली आणि १० एप्रिलला ईस्टर आला. ईस्टरनंतर दोनच दिवसांनी, १२ एप्रिलला, काँग्रेसने शाळांवरील बहिष्कार पुकारला. काही ठिकाणी मुलांसाठी 'सांस्कृतिक मंडळे' या नावाने पर्यायी वर्ग भरवले गेले. सरकारने धमकी दिली की, ठरल्या मुदतीत न परतणाऱ्या मुलांना पुन्हा प्रवेश मिळणार नाही. हजारो मुलांची नावे खरोखरच कमी झाली.

रीव्ह्ज बरोबर होते का? आम्ही या प्रश्नाशी बराच वेळ थांबलो आणि अजूनही एका उत्तरावर ठरत नाही. तत्त्व निर्मळ होते. पण त्या तत्त्वाची किंमत सात-आठ वर्षांच्या मुलांनी दिली, बिशपांच्या मुलांनी नव्हे. उलट ज्यांनी इमारती दिल्या, त्यांच्या शाळांतून पुढच्या वीस वर्षांत काय शिकवले गेले तेही आपल्याला ठाऊक आहे. याच कायद्याच्या कारकिर्दीत शिकलेल्या मुलांनी १९७६ साली सोवेटोत उठाव केला.

मराठी वाचकाला या कायद्यातली एक गोष्ट विशेष खटकेल. बांटू शिक्षणाचा मोठा आग्रह होता तो मातृभाषेतून शिकवण्याचा. आपण मातृभाषेतील शिक्षणासाठी पिढ्यान् पिढ्या भांडत आलो आहोत आणि ते योग्यच आहे. परंतु तेथे मातृभाषा ही भिंत म्हणून वापरली गेली. झुलू मुलाने झुलूत, सोथो मुलाने सोथोत शिकावे, एकमेकांत मिसळू नये आणि इंग्रजीच्या दारापर्यंत तर पोहोचूच नये. हेतू निराळा असला की तीच मागणी मुक्तीची उरत नाही, तुरुंगाची होते. ज्या चर्चमध्ये एकाच छताखाली अनेक भाषांत प्रार्थना होत, त्या चर्चची शाळा या भिंतीसाठी देणे रीव्ह्ज यांना अशक्य का वाटले असेल, हे येथे समजते.

पेंटेकॉस्ट आणि क्लिपटाउन

पेंटेकॉस्टचा सण त्या वर्षी २९ मे रोजी आला. पवित्र आत्म्याच्या प्रभावाने शिष्य अनेक भाषा बोलू लागतात आणि जमलेल्या प्रत्येक परदेशी माणसाला ते आपल्याच भाषेत ऐकू येते, ही त्या दिवसाची कथा. ज्या मेडोलँड्समध्ये या धर्मग्रामातली माणसे नेली जात होती, तेथे याच्या नेमके उलट घडत होते. तेथली घरे वांशिक विभागांनुसार वाटली जात होती. सोथोंचा भाग वेगळा, झुलूंचा वेगळा. पुढे कलर्ड कुटुंबे आणखी एका वस्तीत गेली आणि भारतीयांना शहरापासून दूर लेनेशियाकडे ढकलले गेले. सोफियाटाउनमध्ये जे एका बाकावर बसत, ते आता तीन-चार वस्त्यांत विखुरणार होते.

२५ आणि २६ जून रोजी क्लिपटाउन येथे मैदानावर लोकांची काँग्रेस भरली. सुमारे तीन हजार प्रतिनिधी आले आणि 'फ्रीडम चार्टर' हा स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून संमत झाला. तेथे 'इसित्वालांद्वे' हा सन्मान तिघांना जाहीर झाला. अल्बर्ट लुथुली, डॉ. युसुफ दादू आणि हडलस्टन. पहिल्या दोघांवर बंदीहुकूम असल्याने स्वीकारण्यास हजर राहू शकले ते फक्त हडलस्टन. एक आफ्रिकी, एक भारतीय, एक इंग्रज अशी ही निवड होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले आणि झडती घेऊ लागले. तो रविवार होता.

चर्चमधल्या वरिष्ठांना हे सर्व मानवत होते असे नाही. आर्चबिशप जेफ्री क्लेटन हे वर्णभेदाचे विरोधक होते, परंतु धर्मगुरूने राजकीय व्यासपीठावर उभे राहणे त्यांना पसंत नव्हते. त्या दोघांतला दुरावा उघड होता. तरीही पुढची एक तारीख येथे नोंदवणे भाग आहे. १९५७ साली सरकारने असा कायदा आणला की, गोऱ्यांच्या भागातील चर्चमध्ये आफ्रिकी माणसांना येण्यास मंत्री मनाई करू शकेल. हा कायदा आपण पाळू शकत नाही आणि लोकांनाही पाळण्यास सांगू शकत नाही, अशा आशयाच्या पत्रावर क्लेटन यांनी ६ मार्च १९५७ रोजी सही केली. तो राखेचा बुधवार होता. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. सावध माणसाचा नकार कधीकधी शूर माणसाच्या नकाराइतकाच जड असतो.

ख्रिस्तराजाचा सण

पेंटेकॉस्टनंतरचा काळ धर्मवर्षातला सर्वांत लांब आणि घटनांचा दुष्काळ असलेला. पाडापाडी चालूच होती. ती दोन-चार दिवसांत आटोपणारी गोष्ट नव्हती. ती १९५० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालली. या संथपणाचे वर्णन फारसे कोणी केलेले नाही, कारण त्यात पोलिसांच्या रांगा नाहीत आणि छायाचित्रेही नाहीत. अर्धी गल्ली उभी आणि अर्धी पडलेली, दुकानात गिऱ्हाईक नाही, आणि शेजारच्या नावापुढे नवा पत्ता. एखादा धर्मग्राम संपतो तो असा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण असे. हा सण जुना नाही. १९२५ साली पोपनी तो घालून दिला आणि अँग्लो-कॅथलिक मंडळींनीही तो उचलला. युरोपात हुकूमशहांचा उदय होत असताना, राज्यसत्तेच्या वर आणखी एक सत्ता आहे असे सांगणे हा त्याचा हेतू होता. रे स्ट्रीटवरच्या चर्चचा हा नावाचाच सण. १९५५ मध्ये तो ३० ऑक्टोबरला आला. त्याच सुमारास हडलस्टन यांना इंग्लंडला परत बोलावण्याचा संघाचा निर्णय झाला होता. निर्णय घेणारे संघप्रमुख होते रेमंड रेन्स, म्हणजे ज्यांच्या डोळ्यांदेखत हे चर्च बांधले गेले तेच. हडलस्टन यांना अटक होईल अशी भीती होती, की या कामात माणूसच संपून जाईल अशी, यावर चरित्रकारांत चर्चा आहे. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या माणसाने आज्ञा पाळली. १९५६ च्या आरंभी ते निघाले. त्याच वर्षी त्यांचे 'नॉट फॉर युअर कम्फर्ट' हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि सोफियाटाउन हे नाव जगभर गेले. वस्ती पडत होती आणि तिची कीर्ती वाढत होती.

२७ नोव्हेंबरला नवा आगमनकाळ सुरू झाला. आमचे वर्ष येथे संपते.

नंतर

या चर्चच्या आणि त्याच्या शाळांच्या सावलीत वाढलेल्यांची यादी साहित्याच्या व कलेच्या अभ्यासकाला चकित करील. रोझेटनव्हिलच्या सेंट पीटर्स शाळेत पीटर अब्राहम्स आणि एस्किया म्फाहलेले शिकले, ऑलिव्हर टांबो तेथे गणित शिकवत. ह्यू मासेकेला या विद्यार्थ्याला हडलस्टन यांनी ट्रंपेट मिळवून दिला. चित्रकार गेरार्ड सेकोटो सोफियाटाउनमध्ये राहिले आणि तेथल्या पिवळ्या घरांचे त्यांचे चित्र १९४० साली जोहान्सबर्गच्या कलासंग्रहालयाने घेतले. धर्मबंधूंच्या सोफियाटाउनमधील वसतिगृहात डेझमंड टुटू नावाचा एक शाळकरी मुलगा राहत होता. क्षयाने तो इस्पितळात पडला तेव्हा हडलस्टन त्याला नियमित भेटायला जात. हाच मुलगा शिक्षक झाला, बांटू शिक्षणाच्या निषेधार्थ शिक्षकी सोडून धर्मसेवेकडे वळला आणि पुढे केपटाउनचा आर्चबिशप झाला. १९५६ साली जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने ट्रेव्हर ठेवले. सेंट पीटर्स मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस बंद पडले.

त्याच रे स्ट्रीटवर, १११ क्रमांकाच्या घरात, 'ड्रम' मासिकाचे लेखक कॅन थेंबा राहत. त्या खोलीचे नाव त्यांनी 'हाउस ऑफ ट्रूथ' ठेवले होते. एका रस्त्यावर मिस्सा आणि मैफल दोन्ही. थेंबा यांनी वस्तीवर मृत्युलेख लिहिला, ब्लोक मोडिसाने यांनी १९६३ मध्ये आत्मचरित्र, डॉन मातेरा यांनी १९८७ मध्ये आठवणी. दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजी गद्याचे एक सबंध दालन या पाडलेल्या घरांतून आले आहे. उलट बाजूनेही एक पुस्तक आहे. जमीनदोस्त वस्तीच्या जागी गोऱ्या कामगारवर्गासाठी जी वसाहत उभी केली, तिला सरकारने 'ट्रिओम्फ', म्हणजे विजय, असे नाव दिले. मार्लेने फान नीकेर्क यांनी त्याच नावाची कादंबरी १९९४ साली आफ्रिकान्समध्ये लिहिली आणि त्या ढिगाऱ्यांवर राहणाऱ्या एका दरिद्री गोऱ्या कुटुंबाची कथा सांगितली. विजय कोणाच्याच वाट्याला आलेला नव्हता.

चर्च पाडले गेले नाही. माणसेच नसलेल्या धर्मग्रामाचे चर्च ठेवून काय करायचे, म्हणून १९६० च्या दशकात ते हातचे गेले आणि पुढे दुसऱ्याच एका पंथाची उपासना तेथे होऊ लागली. १९९० च्या दशकात अँग्लिकन चर्चने ते परत घेतले. वस्तीला तिचे जुने नाव २००६ साली परत मिळाले. हडलस्टन २० एप्रिल १९९८ रोजी मर्फील्ड येथे वारले. त्यांची रक्षा सोफियाटाउनला आणून चर्चच्या शेजारी ठेवण्यात आली.

'पॅरिश' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ गाव असा नाही. परक्या जागी तात्पुरता मुक्काम, परदेशातले वास्तव्य, असा तो आहे. आरंभीचे ख्रिस्ती स्वतःला या जगात उपरे समजत, त्यांच्या समूहाला पडलेले हे नाव. 'धर्मग्राम' या मराठी शब्दात स्थैर्य आहे, मूळ शब्दात बिऱ्हाड पाठीवर आहे. सोफियाटाउनच्या त्या वर्षात हे दोन्ही अर्थ एकमेकांना भिडले. मेडोलँड्सला गेलेल्या बायका गुरुवारी दुपारी तेथेही गणवेशात जमू लागल्या.